पाच ताऱ्यांत मावेल तेवढा चांगुलपणा

वस्तू घरपोच आली, प्रवास संपला किंवा दुरुस्तीचे काम आटोपले की थोड्याच वेळात मोबाइलवर पाच रिकामे तारे उमटतात आणि आपला अनुभव कसा होता, असे विचारले जाते. जवळपास प्रत्येक गोष्टीचे परीक्षण आज ज्या सेवेतून होते, त्या रेटिंगच्या सेवेचे परीक्षण मात्र क्वचितच कोणी करते. मी ती बारा वर्षांहून अधिक काळ वापरत आले आहे. बहुतेक वेळा ग्राहक म्हणून, आणि मधली अडीच वर्षे घरातील जुनी पुस्तके विकणारी किरकोळ विक्रेती म्हणून. तराजूच्या दोन्ही पारड्यांत बसून झाल्यामुळे तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी धरून चालते. हे लिखाण कोणत्याही एका ॲपबद्दल नाही, तर सगळीकडे थोड्याफार फरकाने सारख्याच असलेल्या व्यवस्थेबद्दल आहे. माणसे चांगल्याला आणि वाईटाला कशी सामोरी जातात, हे या व्यवस्थेत कितपत खरे उतरते, एवढेच मला तपासायचे आहे.

या सेवेचा उगम माणसावरच्या विश्वासात आहे. पिएर ओमिड्यार यांनी 1995 च्या सप्टेंबरात एक ऑनलाइन लिलावघर सुरू केले, जे पुढे ईबे या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे आधी पैसे पाठवत आणि मग वस्तूची वाट पाहत. साहजिकच तक्रारी होऊ लागल्या आणि त्या सगळ्या ओमिड्यार यांच्याकडे येऊ लागल्या. प्रत्येक भांडणात न्यायाधीश होणे त्यांना शक्य नव्हते. 1996 च्या फेब्रुवारीत त्यांनी सभासदांना एक खुले पत्र लिहिले आणि कौतुक असो वा तक्रार, ती सर्वांसमक्ष नोंदवण्याची सोय करून दिली. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, काही नसतात, आणि प्रामाणिकांना उजेडात वावरायची भीती वाटत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. तेव्हा तारे नव्हते. चांगल्या अनुभवाला अधिक एक, वाईटाला उणे एक आणि मधल्याला शून्य, असा साधा हिशेब होता.

हा विश्वास अगदीच भाबडा ठरला नाही. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अभ्यासकांनी 1999 मधील ईबेवरचे व्यवहार तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक खरेदीदारांनी अभिप्राय नोंदवलेला आढळला. अभिप्राय लिहून लिहिणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, त्याचा उपयोग पुढच्या अनोळखी ग्राहकाला होतो, हे लक्षात घेतले तर ही संख्या लहान नाही. रेझनिक यांनी सहकाऱ्यांसह 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच विक्रेत्याने सारखीच जुनी पोस्टकार्डे स्वतःच्या मुरलेल्या नावाने आणि नव्याकोऱ्या नावांनीही विकली. मुरलेल्या नावाला सुमारे 8 टक्के अधिक किंमत मिळाली. चांगले वागल्याचे फळ या जगात मिळते की नाही, या जुन्या प्रश्नाचे एका कोपऱ्यापुरते का होईना, आकड्यात उत्तर मिळाले.

मात्र त्याच पहिल्या अभ्यासातील दुसरा आकडा मला अडखळायला लावतो. खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी 99 टक्क्यांहून अधिक चांगले होते. माणसे चांगली असतात हे मान्य केले, तरी शंभरातली नव्याण्णव? यामागची मेख मला विक्रेती झाल्यावर उमगली. त्या काळी दोन्ही बाजू एकमेकांना गुण देत आणि कोणी काय लिहिले ते दुसऱ्याला लगेच दिसे. तुम्ही मला उणे एक दिले की मी तुम्हाला उणे एक देणार, ही धमकी कोणी उच्चारली नाही तरी सर्वांना ऐकू येत होती. नाराज माणूस मग गप्प बसे. ईबेने अखेर 2008 मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराविरुद्ध वाईट शेरा मारण्याची मुभाच काढून घेतली. पाहुण्यांना घर भाड्याने देण्याची सोय करणाऱ्या एअरबीएनबीने 2014 मध्ये निराळी वाट धरली: पाहुणा आणि यजमान या दोघांनीही अभिप्राय दिल्याशिवाय, किंवा 14 दिवसांची मुदत उलटल्याशिवाय, कोणाचाच अभिप्राय उघड होत नाही. मला ही युक्ती अधिक आवडते, कारण ती कोणाचे तोंड बांधत नाही. समोरच्याचा हात पाहून आपला हात उगारण्याची संधी तेवढी काढून घेते. परतफेडीची ओढ माणसात किती खोल आहे, याची कबुली या दोन्ही बदलांत आहे. चांगल्याची परतफेड चांगल्याने करणे आणि वाईटाची वाईटाने, या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. पहिली हवी आणि दुसरी नको, असे म्हणणारी व्यवस्था बांधणे सोपे नाही.

आता माझ्याच एका अभिप्रायाविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका लहान विक्रेत्याकडून टेबलावर ठेवायचा वाचनाचा दिवा मागवला. तो आला तेव्हा त्याची मान मोडलेली होती. रात्री साडेअकरा वाजता मी एक तारा देऊन त्याखाली जे लिहिले, ते आज वाचताना मला स्वतःचाच संकोच वाटतो. त्यात दिव्याबरोबर विक्रेत्याची नियत, त्याचा धंदा आणि एकंदर माणसांचा घसरत चाललेला दर्जा असे सगळे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन ओळींत माफी मागितली, मोडका दिवा परत न मागता नवा पाठवला, आणि माझ्या त्या लांबलचक आरोपपत्राविषयी चकार शब्द काढला नाही. मी तारे पाच केले आणि आधीचा मजकूर पुसून तेथे लिहिले: ‘दिवा बदलून मिळाला. धन्यवाद.’ वाईटासाठी पंधरा-सोळा ओळी आणि चांगल्यासाठी चार शब्द, असा तो माझा हिशेब.

मानसशास्त्राला हा हिशेब नवा नाही. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये नातेसंबंध, भावना, शिकणे, इतरांविषयी बनणारे मत अशा अनेक क्षेत्रांतील संशोधन एकत्र मांडून दाखवले की वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा जवळपास सर्वत्र अधिक खोल उमटतो. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. चांगली संधी हुकली तर ती पुन्हा येऊ शकते, पण धोक्याकडे एकदा दुर्लक्ष केले तर पुढची संधी मिळेलच असे नाही. रेटिंगच्या सेवेत या स्वभावाला मोकळे रान मिळते. चार-साडेचारशे समाधानी ग्राहकांचे आकडे डोळ्यांसमोर असतानाही आपले बोट सर्वांत वाईट अभिप्राय वाचायलाच जाते. मीही तेच करते, आणि यात दोष वाचणाऱ्याचा नाही. पण ज्याच्याविषयी ते लिहिले आहे, त्या माणसाचे चित्र यातून किती वाकडे होते, याचा विचार सेवा चालवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तरीही एक तारा देणारा प्रत्येक जण खुनशी असतो, असे मी म्हणणार नाही. अर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांचा 2002 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे ध्यानात घ्यावा लागतो. त्यात माणसे गट करून एका सामाईक निधीत पैसे घालत. निधीचा लाभ सर्वांना सारखा मिळे, त्यामुळे स्वतः काही न घालता इतरांच्या जिवावर मजा मारणे हे ज्याच्या त्याच्या फायद्याचे होते. प्रत्येक फेरीनंतर कोणाला दंड करायचा असेल तर तो करता येई, मात्र त्यासाठी दंड करणाऱ्याला स्वतःच्या खिशाला खार लावावा लागे. आणि ज्याला दंड केला, त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार नव्हती. म्हणजे दंड करून वैयक्तिक लाभ शून्य. तरीही लोकांनी फुकट्यांना वारंवार दंड केला, आणि दंडाची सोय असताना निधीत बरीच अधिक भर पडत राहिली. ती नसताना हात आखडते झाले. फसवणारा विक्रेता आपल्याला पुन्हा भेटणार नाही हे ठाऊक असूनही जो ग्राहक अर्धा तास खर्चून इतरांना सावध करतो, तो या प्रयोगातील दंड करणाऱ्याचाच भाऊ आहे. त्याचा राग हासुद्धा चांगुलपणाचाच एक प्रकार आहे, फक्त त्याचा चेहरा तसा दिसत नाही. याच प्रयोगाची एक कडू पुरवणी आहे. गेख्टर यांनी सहकाऱ्यांसह हा खेळ 16 शहरांत खेळवून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा काही ठिकाणी लोक फुकट्यांबरोबरच सर्वाधिक देणाऱ्यांनाही दंड करताना आढळले. फार चांगला वागणारा माणूस शेजारच्यांना आपोआप खुजा करतो, आणि हे सर्वांनाच सोसत नाही.

गर्दीच्या वागण्याविषयी या सेवेत जे पाहायला मिळते, त्याने मला सर्वांत अधिक चकित केले. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथील एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, काहीही न वाचता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकले आणि काहींना एक प्रतिकूल. ज्यांना फुकटचे अनुकूल मत मिळाले, त्यांचे अंतिम गुण सरासरीने 25 टक्क्यांनी फुगले. एकाने चांगले म्हटले की दहा जण माना डोलावतात, हे आपण नेहमी पाहतो. प्रतिकूल मताच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. ते पाहून काहींनी आणखी दगड मारले खरे, पण त्याहून अधिक वाचक थांबले, प्रतिक्रियेत तसे वाईट काही नाही हे त्यांनी ताडले आणि अनुकूल मत देऊन तोल सावरला. विनाकारण खाली ढकललेल्या अनोळखी माणसाला हात देऊन उठवणारी गर्दी मला तरी अपेक्षित नव्हती. खोट्या स्तुतीला आपण बळी पडतो, खोट्या निंदेला त्या मानाने कमी. ज्या सेवेवर चांगले अभिप्राय पैसे देऊन लिहवून घेण्याचा धंदा राजरोस चालतो, तिच्यासाठी ही गोष्ट किती गैरसोयीची आहे, हे वेगळे सांगायला नको. त्या धंद्याविषयी एवढेच म्हणेन की एकाच आठवड्यात, एकाच साच्यातून काढल्यासारखे पन्नास गोडगोड अभिप्राय आलेले दिसले की समजावे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. अकलेचे तारे तोडणारे प्रामाणिक वेडे मला त्यापेक्षा परवडतात.

या सेवेचा सर्वांत मोठा दोष मात्र तिसराच आहे, आणि तो मला माझ्या वडिलांच्या श्रवणयंत्रामुळे कळला. एका संध्याकाळी वडिलांना घेऊन मी टॅक्सीने घरी आले. गाडी वीस मिनिटे उशिरा आली होती, म्हणून उतरल्या उतरल्या मी तीन तारे दिले आणि कारणांच्या यादीतील ‘वेळ पाळली नाही’ या चौकटीवर बोट टेकवले. रात्री वडिलांच्या एका कानातील यंत्र नसल्याचे लक्षात आले. सगळे घर शोधून झाले आणि आम्ही आशा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. कालचा चालक उभा होता. ‘काका, हे तुमचंच असणार, सीटच्या फटीत अडकलं होतं,’ असे म्हणून त्याने रुमालात बांधलेले यंत्र वडिलांच्या हातावर ठेवले. इतक्या लांब तो निव्वळ यासाठी आला होता. काही देऊ केले तर त्याने घेतले नाही, आणि पुढचे भाडे आहे म्हणून बसलाही नाही. मी ताबडतोब मोबाइल काढला, तर दिलेले रेटिंग बदलण्याची सोय त्या सेवेत नव्हती. असती तरी मी काय लिहिणार होते? चौकटी होत्या त्या वेळ, स्वच्छता, वाहन चालवणे आणि बोलणे यांच्या. कराराबाहेर जाऊन केलेल्या गोष्टीसाठी एकही चौकट नव्हती, आणि चांगुलपणा तर बहुतेक वेळा कराराबाहेरच सुरू होतो. ठरलेल्या वेळी ठरलेले काम केले तर तो व्यवहार झाला. त्याचे पूर्ण गुण द्यावेत. त्यापुढचे जे काही आहे, ते मोजायला सहावा तारा नाही.

अशी माणसे विरळा असतील, ही समजूतही तपासून पाहावी लागेल. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात संशोधकांनी 40 देशांतील 355 शहरांत मिळून 17,000 हून अधिक पाकिटे बँका, टपाल कार्यालये, हॉटेले, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती ‘रस्त्यात सापडले’ असे सांगून सोपवली. पाकिटात मालकाचा ईमेल पत्ता होता. ज्या पाकिटांत पैसे नव्हते, त्यांच्या मालकाशी संपर्क साधणारे सुमारे 40 टक्के होते. जेथे थोडे पैसे होते तेथे 51 टक्के. तीन देशांत रक्कम सात पट वाढवून पाहिली, तर परत करणारे आणखी वाढून 72 टक्क्यांवर गेले. बहुतेक पाकिटांत एक किल्ली ठेवली होती, जी मालकाखेरीज कोणाच्याच कामाची नव्हती; त्या किल्लीमुळेही परत करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दुसऱ्याचे काय अडले असेल, हा विचार माणसाच्या मनात येतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. एका कानाच्या मापाने घडवलेले श्रवणयंत्र म्हणजे दुसरी किल्लीच. याच अभ्यासात सामान्य लोकांना आणि अर्थशास्त्राच्या तज्ज्ञांना आधी अंदाज विचारला होता. पैसा वाढला की पाकिटे परत येणे कमी होईल, असे सामान्य लोकांनी सांगितले, आणि तज्ज्ञांचा अंदाजही वास्तवाच्या जवळ पोहोचला नाही. आपण इतरांना जितके धरतो, त्यापेक्षा ते बरे निघतात. आणि रोज सर्वांत वाईट अभिप्राय आधी वाचण्याची सवय लावणारी सेवा हा अंदाज सुधारायला मदत करते, असे म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. छत्रीला आणि माणसाला येथे एकच माप आहे. छत्री गळली तर दोन तारे देताना हात अडखळण्याचे कारण नाही. पण ताप अंगात असताना कामावर आलेल्या मुलीने नळ नीट बसवला नाही, तर तिच्या नावापुढे जो आकडा कमी होतो, तो तिला पुढची कामे मिळण्याशी बांधलेला असतो, आणि आपल्याला ते सहसा सांगितलेही जात नाही. परिणामी दोन टोके तयार होतात. ज्यांना हे कळले आहे ते दयेपोटी सरसकट पाच तारे देतात, आणि मग साडेचारसुद्धा संशयास्पद वाटू लागतात. ज्यांना कळलेले नाही ते चार तारे ‘चांगले’ या अर्थाने देतात आणि नकळत एखाद्याचे नुकसान करून मोकळे होतात. दयाळू माणसाला खोटे बोलायला लावणारी आणि खऱ्या माणसाला कठोर ठरवणारी अशी ही मोजपट्टी आहे.

माझे मत विचाराल तर, फसवणुकीपासून सावध राहण्यासाठी ही सेवा उत्तम आहे आणि तिच्याशिवाय अनोळखी विक्रेत्याकडून काही मागवण्याचे धाडस मी करणार नाही. माणूस ओळखण्यासाठी ती अपुरी आहे. मी आता तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचते, कारण ते लिहिणाऱ्याने रागही आवरलेला असतो आणि भीडही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक ताऱ्याखाली समोरच्याने दिलेले उत्तर वाचते. निंदा ऐकल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याच्याशी व्यवहार करावा की नाही, हे मला सरासरीच्या आकड्यापेक्षा चांगले कळते. दिव्याच्या विक्रेत्याची ती दोन ओळींची माफी या बाबतीत माझी शिकवणी ठरली. रात्री नऊनंतर मी अभिप्राय लिहीत नाही. सेवेला मी साडेतीन तारे दिले असते, पण अर्धा तारा देण्याची सोय नसल्यामुळे तीनच देत आहे. चुकून दिलेला शेरा कधीही दुरुस्त करता आला, आणि कराराबाहेरचे काही घडले तर ते लिहायला एक मोकळी ओळ मिळाली, तर चौथा देईन.

हे लिहायला बसण्यापूर्वी मी दिव्याचे ते जुने पान उघडून पाहिले. विक्रेता अजून तेथे आहे आणि माझे चार शब्दही आहेत. तेथे मजकूर बदलता येतो, म्हणून ते काढून मी दहा ओळी लिहिल्या, त्यात मोडक्या मानेचा, माझ्या आधीच्या आरोपपत्राचा आणि त्याने न मागितलेल्या मोडक्या दिव्याचाही उल्लेख केला. टॅक्सीच्या चालकाचे तीन तारे मात्र तसेच आहेत.